सतराची बदली

३ नोव्हेंबर

पोचलो एकदाचा! मामा म्हणाला होता, गाव बघितल्याबरोबर परतीची बस शोधशील. बस मला उतरवून लगेच पळाली, त्यामुळे तो प्रश्नच मिटला. समोर भलामोठा काळपट डोंगर आणि वर शेळ्या चरतायत. चहावाल्याला डोंगराचं नाव विचारलं तर तो हसायलाच लागला. डोंगर कसला, खाणीतून उपसलेला दगड आहे म्हणाला. आजोबांनी उपसला, वडिलांनी उपसला, आता शेळ्या मजा करतायत.

मला गाव आवडलं. बहुधा इथे मला कोणी ओळखत नाही म्हणून. कॉलेजात फारच ओळखायला लागले होते. सरांनी माझी तिला लिहिलेली चिठ्ठी भर वर्गात आवाज काढून काढून वाचली आणि मी खुर्ची उचलली. सरांना लागली नाही, फळ्याला लागली. फळा फुटला, कॉलेज सुटलं.

ती रडली नाही. तिची एकच अट आहे. सहा महिने एका जागी टिकून दाखव, कुणाच्या अंगावर धावून न जाता. मग बाबांशी मी बोलते. सहा महिने म्हणजे काय, असे काढतो!

काम मामाच्या ओळखीनं मिळालं. इथली कोळशाची खाण बंद पडून जमाना झाला, आता तिचं संग्रहालय करतायत. वसाहतीत घरोघर जाऊन जुन्या वस्तू मागायच्या, पुसायच्या, मांडायच्या. प्रमुख मॅडमनी शिक्षण विचारलं. दुसऱ्या वर्षापर्यंत म्हटलं. त्या चष्म्यावरून बघत म्हणाल्या, खाणसुद्धा अर्ध्यावरच सोडलीय, तुमचं जमेल.

राहायला एका काकूंकडे. कामगार वसाहतीतल्या एका ओळीतल्या बैठ्या खोल्या, त्यातली शेवटची. काकू सत्तरीच्या, जीभ कानशीसारखी. मला बघून म्हणाल्या, पिशवी एवढीशी आणि केस एवढे, साहेब नाटकात काम करतात का? घरात कोण कोण विचारलं. मी आणि नवरा. नवरा कुठे दिसत नाहीत म्हटलं, तर म्हणाल्या, कामावर गेलाय.

तिचा मिस्ड कॉल आला. दोन रिंग, जरा थांबून एक. ही आमची खूण. वडील तिचा फोन तपासतात, म्हणून. अर्थ एवढाच, की मी आहे, बरी आहे. मीही दोन आणि एक दिली. झोप मस्त लागणार.

८ नोव्हेंबर

पाच दिवस दारं ठोठावतोय. आधी वाटलं होतं लोक हाकलतील. उलट आत बोलावतात, चहा देतात आणि ट्रंका उघडतात. दिवे मिळाले, चामडी टोप्या मिळाल्या, सगळ्यांच्या डब्यांची झाकणं मिळाली आणि डबे एकाचेही नाहीत. एका म्हाताऱ्यानं एकच बूट दिला. दुसरा कुठाय विचारलं तर अंगठा जमिनीकडे करून म्हणाला, खाली. मी हसलो. तो हसला नाही.

खाणीत माणसं एका उभ्या विहिरीतून लोखंडी पिंजऱ्यात बसून उतरायची. उतरताना सगळे मिळून गाणं म्हणायचे. एका आजीकडून ते रेकॉर्ड केलं, आवाज अजून खणखणीत. शेवटच्या कडव्यापाशी मात्र थांबल्या. म्हटलं आजी, पुढचं? म्हणाल्या, ते वर आल्यावर म्हणायचं असतं. किती विनवण्या केल्या, तोंड उघडलं नाही. मॅडम चिडल्या. माझंही डोकं फिरलं होतं, पण सहा महिने आठवले आणि गप्प बसलो. तिला फोनवर सांगितलं तर म्हणाली, शहाणा झालास की रे. पुरेसं झालं.

काकूंनी मला नवीन नाव ठेवलंय. अर्धा पदवीधर. भाजीवालीसमोरसुद्धा तसंच म्हणतात.

१२ नोव्हेंबर

आज बत्तीघर उघडलं. कामगार पाळीवर जाण्याआधी आपला दिवा घ्यायचे ती खोली. लाकडी खिडकी, तिच्याशी रांग लागायची. आणि समोरच्या भिंतीवर एक मोठा फळा, त्यावर ओळीनं खुंट्या. प्रत्येक खुंटीवर पितळेचा गोल बिल्ला, बिल्ल्यावर नंबर. पद्धत साधी. खाली जाताना आपला बिल्ला काढून खिशात घालायचा, वर आलं की परत टांगायचा. फळा भरला म्हणजे सगळे वर आले. खुंटी रिकामी म्हणजे माणूस खाली आहे.

काही खुंट्या रिकाम्या आहेत. शेवटच्या अपघाताच्या. छत बसलं, पाणी शिरलं, आणि मग विहिरीच्या तोंडावर काँक्रीट ओतून सगळं बंद केलं. त्या माणसांची नावं आवारातल्या काळ्या दगडावर कोरलीयत.

बाकीचे बिल्ले चिंचेनं घासायला बसलो. सोन्यासारखे निघाले. सतरा नंबर घासला आणि वाटलं, हा तिचाच. तिचा वाढदिवस सतराचा. इतक्या बिल्ल्यांत एक गेला तर कुणाला कळणार? आणि सोनं द्यायची माझी ऐपत तरी कुठे आहे. कापसात गुंडाळून कुरिअरनं पाठवला. आत लिहिलं, जमिनीच्या पोटातून तुझ्यासाठी.

१७ नोव्हेंबर

मिळाला! तीन मिनिटं बोलली, गच्चीवरून, कुजबुजत. काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात घातलाय. वडिलांना ताईत म्हणून सांगितलं. गार लागतो म्हणाली, कितीही वेळ घातला तरी अंगाच्या उबेनं गरम होत नाही. मी म्हटलं, मग माझ्या अगदी उलट आहे तो, मी तर लगेच तापतो. हसली. ते हसू दिवसभर कानात ठेवून फिरलो.

दुपारी दोनला बत्तीघरात टकटक ऐकू आली. विहिरीतून वर आलेला जुना हवेचा पाइप भिंतीतून जातो, तो वाजत होता. मॅडम म्हणाल्या, उन्हानं लोखंड तापतं. आज तर आभाळ आलं होतं.

२० नोव्हेंबर

भांडण झालं. चूक कुणाची ते नंतर ठरवू.

ती म्हणाली, झोपेत छत खाली येतं, वाकून चालावं लागतं, ओल्या मातीचा वास उठल्यावरही जात नाही. नखांत काळं साचतं, धुतलं तरी परत. खोकला आहे. रुमालावर काळं येतं. आणि म्हणाली, आपण थोडे दिवस बोलायला नको, मला फार थकवा येतो.

झालं. थोडे दिवस बोलायला नको! हे वाक्य मुली कधी म्हणतात मला माहीत आहे. मी नाही नाही ते बोललो. वडिलांनी स्थळ आणलं असेल तर सरळ सांग, काळ्या रुमालाच्या गोष्टी कशाला, असंही बोललो. फोनमध्ये नुसतं पाणी ठिबकल्यासारखं ऐकू येत होतं. नळ चालू असेल म्हणून मीच फोन आपटला.

काकूंनी ताट झाकून ठेवलं होतं. जेवलो नाही. त्या म्हणाल्या, राग आला की माणसानं आधी जेवावं, म्हणजे नंतर पश्चात्ताप करायला ताकद राहते.

२२ नोव्हेंबर

मिस्ड कॉल नाही. कालही नव्हता. मी पन्नास वेळा केला असेल. फोन बंद.

दुपारी दोनला पाइप वाजला. दोन ठोके. जरा थांबून एक.

उंदीर असेल. पण उंदराला ही खूण कोण शिकवणार?

परत. दोन. एक.

पाइपावर हात ठेवला. बर्फासारखा गार.

२३ नोव्हेंबर

काकू डबा घेऊन बत्तीघरात आल्या. त्या इथे कधी पाय ठेवत नाहीत. पण मी दोन दिवस उपाशी, म्हणून आल्या. डबा माझ्या हातात देता देता फळ्याकडे बघून तिथेच थांबल्या. सतरा कुठाय, एवढंच विचारलं.

मी सांगितलं. वाटलं आता आरडाओरडा होणार. त्या खाली बसल्या, पदर तोंडाला लावला आणि हमसाहमशी रडायला लागल्या. मग माझ्या गालांवरून हात फिरवायला लागल्या, आईनं फिरवावा तसा. सतरा नंबर त्यांच्या नवऱ्याचा.

त्या दिवशी त्यांच्या दिराला ताप होता. गैरहजर राहिला तर नाव कापलं जाणार होतं, म्हणून नवरा त्याच्या जागी गेला. इथे याला बदली म्हणायचे. खिडकीशी नंबर सांगून बदली म्हणायचं, ज्याच्या जागी जायचं त्याचा बिल्ला उचलायचा. आपला खुंटीवरच राहतो. दुपारी छत बसलं. साहेब लोकांनी फळा बघितला. सतरा टांगलेला, म्हणजे सतरा वर आला. काकूंनी पाय धरले. त्यांना सांगितलं, वर आलाय, पळून गेला असेल कुणाबरोबर. दीर घाबरून रातोरात गाव सोडून गेला, तो आलाच नाही. दगडावर दिराचं नाव आहे. दीर दूर कुठेतरी नातवंडं खेळवतो. आणि जो खाली राहिला तो या गावात पळपुटा म्हणून बदनाम आहे. कित्येक दिवस हा पाइप वाजत होता म्हणे. पाण्याचा दाब आहे, असं ठरलं. मग काँक्रीट ओतलं.

इतक्या वर्षांनी फळा खरं बोलतोय, म्हणाल्या. सतरा खाली आहे.

मी घाबरत विचारलं, बिल्ला बाहेरच्या कुणाच्या गळ्यात असला तर? त्या डोळे पुसायच्या थांबल्या. लहान पोरांना बिल्ल्याला हात लावू द्यायचे नाहीत, म्हणाल्या. बिल्ला ज्याच्या अंगावर, त्याची पाळी सुरू झाली. परत टांगेपर्यंत ती संपत नाही.

२४ नोव्हेंबर

तिच्या मैत्रिणीचा फोन. चार दिवस दवाखान्यात आहे. शुद्ध नाही. फुप्फुसांत पाणी आहे आणि ते कुठून आलं ते डॉक्टरांना कळत नाही. काढतात, परत भरतं.

चार दिवस. म्हणजे मी फोन आपटला तेव्हापासून. तो नळ नव्हता.

निघतोय. बिल्ला आणून टांगायचा, बस्स. काकू दारात आडव्या आल्या. टांगू नकोस म्हणाल्या, हात जोडून. परत टांगलास तर तो परत पळपुटा होईल रे. मी त्यांना बाजूला केलं. ढकललं नाही. पण बाजूला केलं.

२५ नोव्हेंबर

काचेतून पाहिली. नळ्या, पट्ट्या. नखं काळी. गळा मोकळा.

वडील बाकावर होते. त्यांना नीट सांगायला हवं होतं. पाया पडायला हवं होतं. ते म्हणाले, तुझ्यामुळे झालं हे सगळं, तुझा तो भिकारडा ताईत मी तोडला आणि पुलावरून नदीत भिरकावला. मी त्यांची कॉलर धरली. म्हाताऱ्या माणसाची. त्यांची मुलगी आत मरत असताना. रखवालदारांनी मला ओढत बाहेर काढलं.

बाहेर येऊन त्यांचाच चेहरा आठवत राहिला. मला मारायला हातसुद्धा उचलला नाही त्यांनी. रडत होते.

बिल्ला नदीत आहे. सहा महिन्यांतले जेमतेम तीन आठवडे झालेत.

२६ नोव्हेंबर

तांबटाकडून हुबेहूब सतरा करून आणला. टांगला. पाठ फिरवेपर्यंत खाली पडला. परत टांगला. परत पडला. खुंटी घेतच नाही.

दोनला पाइप. दोन. एक. आता हळू वाजतं. हात दमल्यासारखं. मीही वाजवलं, पान्ह्यानं. दोन, एक. आतून लगेच उत्तर आलं. मी पाइपाला मिठी मारून बसलो. मॅडमनी बघितलं, दार लोटून निघून गेल्या.

मैत्रीण म्हणते, डॉक्टरांनी नातेवाइकांना बोलावून घ्या म्हणून सांगितलंय.

संध्याकाळी काकू आपणहून बोलल्या. भिंतीकडे बघत म्हणाल्या, बिल्ला नसला तरी एक वाट आहे. बदली. खिडकीशी उभं राहायचं, सतरा म्हणायचं, बदली म्हणायचं, आणि उतरायचं. बदली आली की आधीचा सुटतो.

मी विचारलं, मग बदलीवाला? काकू म्हणाल्या, त्याची पाळी असते.

मी हो म्हटलं. विचारसुद्धा करावा लागला नाही.

२७ नोव्हेंबर, सकाळ

पाहुण्यांना दाखवायला विहिरीच्या मागची, तेव्हा बुजवलेली उताराची वाट मोकळी करून दुरुस्त केलीय. पुढे लोखंडी दार, त्यापलीकडे जुनी खाण. फोटो लावायचं काम माझं, म्हणून किल्ली माझ्याकडे.

काकू पहाटेपासून उठल्यात. मोठं पातेलंभर पाणी तापत ठेवलंय. दोरीवर स्वच्छ टॉवेल. आणि खाटेवर इस्त्री केलेला जुना, मोठ्या कॉलरचा शर्ट. मी वर आल्यावर अंग धुवायला लागेल, त्याची तयारी. गलबलून आलं. म्हटलं काकू, एवढं कशाला? मी तर पाळीवर असणार. त्यांनी मान वर केली नाही. जेवून जा म्हणाल्या.

जेवलो.

२७ नोव्हेंबर, दुपार

खिडकीशी उभा राहिलो. रिकामी खोली. सतरा, बदली. दुसऱ्यांदा मोठ्यानं म्हटलं. खुंटी हलली.

आता दाराच्या आत आहे. डोक्यावर दिवा. वही गुडघ्यावर. घोट्यापर्यंत पाणी. पाइप डाव्या हाताला, सोबत येतो.

तिला भेटलो की आधी माफी मागायची. मग वाट दाखवायची. ती वर, मी इथे. अवघड काही नाही —

कोणीतरी येतंय. समोरून, पाण्यातून.

तिची चाल नाही. जड आहे —

माणूस. वाकलेला. तोंड काळं. तरुण आहे. माझ्याहून फार तर चार-पाच वर्षांनी मोठा. त्यानं विचारलं, सतराची बदली का? मी हो म्हटलं. त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. गार. भाऊ, फार वेळ लावलास रे, म्हणाला. आणि माझ्या अंगाला घासून वर गेला.

गुणगुणत गेला. आजीनं म्हटलं नव्हतं ते कडवं असणार.

सतरा त्याचा नंबर. बदली त्याची झाली. तिची नाही.

शर्ट कुणासाठी काढला होता ते आत्ता —

काकूंना माहीत होतं —

राग येत नाही. आश्चर्य आहे. शोधतोय, सापडत नाही. काकू सत्तरीच्या आणि तो अजून तेवढाच. दार कशा उघडतील त्या. काय म्हणतील.

मागे उजेडाची रेघ दिसते. दार उघडंच आहे. जाता येईल.

दोन.

एक.

आतून. लांब नाही.

मी वाजवलं. दोन. एक. थांबलं. मग घाईघाईनं, वेड्यासारखं — दोन एक दोन एक — ओळखलं मला —

सहा महिने टिकून दाखव म्हणाली होतीस. टिकतो. इथून कुठेही जात नाही, बघच —

पाणी मांडीपर्यंत. दिवा पिवळा. उजेडाची रेघ गेली —

खोकला. तिचाच. अगं थांब, हलू नकोस, वाकून ये, छत खाली आहे, हात दे, मी इथेच आ